मुद्दलाला हात

एका काडीत दोन्ही बर्नर पेटले पाहिजेत, हा आत्याचा नियम. पहिला काडीने पेटवायचा आणि त्याच जळक्या काडीचं टोक पहिल्यावर धरून दुसरा. उरलेलं थोटूक वाटीत ठेवायचं, ते संध्याकाळी समईला चालतं. आतोबांची सगळी नोकरी अंबरनाथच्या विमकोत झाली, म्हणजे काड्यापेटीच्याच कारखान्यात. त्या घराला काड्यांचा तोटा कधीच नव्हता. काटकसर गरिबीतून येते असं म्हणतात. आत्याची मात्र टंचाई नसतानाही तशीच होती.

*

घर बदलापूर पश्चिमेला, नदीच्या अंगाला. २६ जुलै २००५ ला उल्हासचं पाणी घरात शिरलं आणि पासबुकांचा लगदा झाला. तेव्हापासून सगळी कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आणि डबा माळ्यावर. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, त्याही वेळी घरात पाणी आलं. आम्ही घाबरून फोन केला. पलीकडून पहिलं वाक्य आलं, "पासबुकं सुकी आहेत."

*

त्याच वर्षी सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले. सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील, असा सुरुवातीचा हुकूम होता. पुढे मर्यादा वाढत गेली, फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींवरचं विम्याचं कवच एक लाखावरून पाच लाख झालं, पण बँकेच्या दारात रडणारे म्हातारे आत्याने टीव्हीवर बघितले होते. तिचा त्या बँकेशी काही संबंध नव्हता. तरी तिच्या बँकेतल्या ठेवी जसजशा पिकल्या तसतशा पोस्टात गेल्या. पोस्टावर विश्वास जुना. आरडीचे पैसे न्यायला दर महिन्याला दारात येणारी एजंट बाई तिची मैत्रीणच झाली होती.

*

२०२२ च्या सुरुवातीचा हिशोब असा. ज्येष्ठ नागरिक योजनेत १५ लाख, तेव्हाचा दर ७.४ टक्के, म्हणजे तिमाहीला २७,७५०. मासिक प्राप्ती योजनेत साडेचार लाख, दर ६.६ टक्के, म्हणजे महिन्याला २,४७५. वर आतोबांच्या मागे मिळणारं ईपीएस-९५ चं पेन्शन, हजाराच्या जरासं वर. सगळं मिळून महिन्याला तेरा हजारांच्या आत. एवढ्यात तिचं भागायचंच, वर नातवंडांच्या वाढदिवसांची पाकिटंही निघायची. व्याज खायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. मुद्दल कशासाठी, तर वेळप्रसंगासाठी.

*

गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडली. वय ८१, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेचा खर्च आयुष्मान वय वंदना कार्डावर भागला. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न घालता वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, ही सोय ऑक्टोबर २०२४ पासूनची. घरात सगळे सुटल्यासारखे झाले. खरा खर्च डिस्चार्जनंतर सुरू झाला. उठवणं, बसवणं, आंघोळ, डायपर, रात्री कूस बदलणं. हे करायला माणूस लागतं, आणि त्या माणसाचा पगार ना कार्डात बसतो, ना मेडिक्लेममध्ये.

*

ब्युरोची बाई चोवीस तासांची, महिन्याला एकवीस हजार. शिवाय तिचं जेवण, चहा, महिन्याच्या चार सुट्ट्या आणि त्या दिवशीची बदली. ब्युरोचं कमिशन आधी. बाई वांगणीहून येते. तिच्या हातात त्या एकवीसपैकी किती पडतात, हे आत्याने पहिल्याच आठवड्यात काढून घेतलं. मग दोघी मिळून ब्युरोला शिव्या देऊ लागल्या.

*

आत्याचा घरखर्च भिंतीवरच्या 'कालनिर्णय'वर लिहिलेला असतो. दुधाचे खाडे, गॅस, औषधं, भटजींची दक्षिणा. बाईचा पहिला पगार कुठल्या सदरात टाकायचा, यावर ती बराच वेळ अडली होती. शेवटी लिहिलं, "दुरुस्ती".

*

'कालनिर्णय'वरून आठवलं. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबातला शेअर आणि म्युच्युअल फंडांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ ला निकाल आला की, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याने रक्कम ताब्यात घ्यायची, मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरायची. आपल्याकडे नॉमिनीचं नाव घातलं की सगळं मार्गी लागलं असं समजतात. शिवाय नॉमिनीचा उपयोग माणूस गेल्यावर. माणूस अंथरुणावर असताना नॉमिनी एक रुपया काढू शकत नाही.

*

अंथरुणावर असताना चालते ती सही. आत्याची सही आता तिची तिलाच ओळखू येत नाही. सही जमत नसेल तर बँकेने अंगठा घ्यावा, अंगठाही जमत नसेल तर पायाचा अंगठा चालतो, दोन साक्षीदार हवेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. काउंटरवर हे आपणच सांगावं लागतं. मुखत्यारपत्रावर विसंबणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. करून देणाऱ्याची बुद्धी गेली की ते निकामी होतं. मग पालक नेमून घ्यायला हायकोर्ट गाठा. त्यापेक्षा शहाणपण शाबूत असताना खात्यावर दुसरं नाव घालणं स्वस्त पडतं.

*

हयातीच्या दाखल्याला आत्याचा अंगठा यंत्र घेत नाही. आयुष्यभर भांडी घासून रेघा पुसल्या गेल्या. आता मोबाईलसमोर चेहरा धरला की दाखला मिळतो. "हसू का?" तिने विचारलं.

*

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये तिची जुनी मैत्रीण आहे, सिंधी. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, त्या पहिल्या घरांतली ती मुलगी. तिच्या घरचा धडा वेगळा. घर, जमीन, दुकान मागे राहिलं, अंगावरचं सोनं तेवढं बरोबर आलं. त्यामुळे बचत म्हणजे बांगडी. यजमान आजारी पडले तेव्हा तिने बांगड्या गहाण टाकल्या आणि त्याच दिवशी पैसे हातात आले. आत्याला हे पटत नाही, सोनं व्याज देत नाही म्हणते. खरं आहे. पण अडीअडचणीला ते सहीही मागत नाही.

*

बदलापूर-वांगणीकडे वृद्धाश्रम बरेच झालेत. मुंबईपेक्षा जागा स्वस्त, हवा बरी, लोकल आहे. एक बघून आलो. स्वच्छ होता. डिपॉझिट, महिन्याचे पैसे, डायपर वेगळे. अंथरुणाला खिळलेल्यांचा दर निराळा. हिशोब मांडला तर घरच्या बाईपेक्षा फार स्वस्त नाही. आत्याला सांगितलं नाही. तिला कळलंच. "जेवणात काय देतात?" एवढंच विचारलं.

*

थोरला आतेभाऊ म्हणाला, "ठेव मोडलेली आईला आवडणार नाही." धाकटा म्हणाला, "मोडायचीच." दोघेही आईवर जीव टाकतात. पण राखलेलं मुद्दल पुढे कुणाकडे जाणार, हे थोरल्याला माहीत आहे आणि धाकट्यालाही. आईचा स्वभाव जपण्याच्या नावाखाली मुलं नकळत आपला वाटाही जपत असतात. म्हातारीची काटकसर तोवर तिचा गुण, जोवर ती स्वतःच्या हाताने करते. तिच्या नावाने दुसऱ्यांनी करायला लागल्यावर तिला दुसरं काहीतरी म्हणावं लागेल.

*

आत्याचा मुख्य आक्षेप: मुदतीआधी मोडली तर एक टक्का कापतात. साडेचार लाखांवर साडेचार हजार. खुबा मोडला त्यापेक्षा हे तिला जास्त लागलेलं दिसलं.

*

वेळप्रसंगासाठी साठवणाऱ्यांची एक गंमत असते. वेळप्रसंग आलाय, हे त्यांना कधीच वाटत नाही. लग्न हा खर्च, घर हा खर्च, मुलांचं शिक्षण हा खर्च. स्वतःचं शरीर मात्र कुठल्याच सदरात नसतं. ते त्यांना सांगावं लागतं, तेही आकड्यांत, कारण दुसरी भाषा त्यांना खरी वाटत नाही.

*

म्हणून धाकट्याने वही काढली. बाई, औषधं, डायपर, घरखर्च धरून महिन्याला एकतीस-बत्तीस हजार. व्याज आणि मुद्दल मिळून खात गेलं तर साधारण साडेसहा वर्षं पुरेल.

आत्याने मनात बेरीज केली. "आणि साडेसत्त्याऐंशीनंतर?"

"पुढचं आम्ही बघू."

"म्हणजे तुमचं मुद्दल मोडणार?"

कुणी बोललं नाही. तिने पेन मागितलं.

"मग आधी माझं मोडा. आणि आधी ती मासिकवाली मोडा, तिचा दर कमी आहे."