लाखाची गाडी

कोणत्याहि वस्तूची किंमत विचारण्यास पैसे पडत नाहींत. म्हणूनच कीं काय, जगांत वस्तु विकत घेणारांपेक्षां तिचा भाव सांगणारे अधिक भेटतात. आम्हां खानदेशांतील लोकांस तर ही संवय बाळकडूबरोबरच लागते. कापूस बोंडांत असतांनाच यंदा तो काय भावानें जाईल याची चर्चा पारावर सुरू होते. केळीचा घड झाडावर असतांना त्याचे पैसे मनांत मोजले जातात. आणि जळगांवच्या सराफ बाजारांत कधीं पाऊल न टाकणारा मनुष्यहि आज सोनें काय भाव आहे तें सांगूं शकतो. अशा आमच्या मुलखांत इ. स. २००८ च्या सुमारास एका मोटारगाडीच्या किंमतीविषयीं जे तर्क चालले, त्यांची हकीकत मी येथें सांगणार आहें. ती गाडी टाटांची नॅनो होय.

परंतु त्यापूर्वीं थोडें आमच्या घराविषयीं सांगितलें पाहिजे. आमचे वडील, ज्यांस आम्ही नाना म्हणतों, जळगांवांतील एका जिनिंग फॅक्टरींत हिशेबनीस होते. घरीं एक जुनी स्कूटर होती व तिजवर आम्ही चौघे बसत असूं. पुढें मी उभा, मग नाना, त्यांच्या पाठीशीं धाकटी बहीण, आणि तिला धरून मागें आई. २००५ सालच्या पावसाळ्यांत धुळ्यास आमची आजी अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. सकाळची एस. टी. चुकली होती आणि पुढच्या गाडीची वाट पाहण्याइतकें आईच्या जिवांत त्राण नव्हतें. नानांनीं स्कूटर बाहेर काढली. जळगांवाहून धुळें सुमारें नव्वद किलोमीटर. एरंडोलपर्यंत आभाळ नुसतें दाटलेलें होतें. पारोळा मागें पडल्यावर पावसानें गांठलें. समोरून येणाऱ्या एका मालमोटारीस वाट देतांना आमचें चाक कडेच्या चिखलांत घसरलें आणि आम्ही चौघेहि रस्त्याच्या बाजूस पडलों. इतरांस खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. बहिणीचा मात्र हात मोडला. ती त्या वेळीं सहा वर्षांची होती.

हात दीड महिन्यांत सांधला. परंतु पुढें आभाळ भरून आलें कीं ती स्कूटरवर बसण्यास नकार देई. नाना तिला रागावले नाहींत. एकदां केवळ एवढेंच म्हणाले, “हिच्या डोक्यावर छप्पर पाहिजे.”

आतां गाडीकडे वळतों. २००३ सालीं स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथें मोटारींचें प्रदर्शन भरलें असतां रतन टाटा यांनीं एका इंग्रजी वृत्तपत्राच्या बातमीदाराशीं बोलतांना स्वस्त गाडी काढण्याचा आपला मानस सांगितला. किंमत काय पडेल असें त्यानें विचारतांच त्यांनीं अंदाजानें एक लाख रुपये म्हणून सांगितलें. दुसऱ्या दिवशीं त्या अंदाजाचा ठळक मथळा झाला. आपण खुलासा करावा, असें टाटांच्या प्रथम मनांत आलें. परंतु आंकडा आपल्या तोंडून गेलाच आहे, तर तोच साध्य कां मानूं नये, असा विचार करून त्यांनीं तो पत्करला. ही हकीकत त्यांनींच पुढें सांगितली आहे. म्हणजे ज्या किंमतीविषयीं साऱ्या देशानें पांच वर्षें तर्क केले, ती किंमत मुळांत जन्मली तीच एका तर्कांतून!

दरम्यान पोलादाचे भाव चढले. मोटारींच्या धंद्यांतील कित्येक जाणते लोक, ही गोष्ट लाखांत होणें नाहीं, असें म्हणूं लागले. पुण्यास गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालीं तरुण इंजिनियर मंडळी एकेका सुट्या भागाचा खर्च उतरवीत होती. अखेर १० जानेवारी २००८ रोजीं दिल्लीच्या प्रदर्शनांत ती गाडी लोकांसमोर आली, आणि लाखाचा शब्द आपण पाळला असल्याचें टाटांनीं जाहीर केलें. मात्र त्यांत एक मेख होती. हा लाख विक्रेत्याकडचा. कर व वाहतूक निराळी. झालें! गाडी आपल्या दारांत येईपर्यंत एकंदर किती पडेल, याविषयीं तर्कांचा नवा हंगाम सुरू झाला.

नाना हाडाचे हिशेबनीस. त्यांनीं एक छोटी वही घातली व जो कोणी आंकडा सांगेल त्याचें नांव, तारीख व आंकडा तींत टिपूं लागले. आमच्या गल्लींतील मिस्तरीनें वर्तमानपत्रांतील चित्र निरखून पाहिलें. इंजिन मागें, तेंहि दोनच सिलिंडरांचें, ६२४ सी. सी.; चाकास चाराऐवजीं तीन नट; कांच पुसण्यास एकच वायपर. तो म्हणाला, “काटकसर पुष्कळ केली आहे, पण पत्रा आणि टायर फुकट मिळत नाहींत. दोन लाख धरा.” शेजारच्या रिक्षावाल्यानें अडीच लाख सांगितले. इतके कसे, असें नानांनीं विचारतां तो खिन्नपणें हंसून म्हणाला, “नाना, लाखांत मोटार मिळाली तर माझ्या रिक्षांत कोण बसेल?” एरंडोलकडे शेती असलेले आमचे आप्पाकाका आले, तेव्हां त्यांनीं आपल्या मापानें मोजलें. कापसाचा हमीभाव त्या वेळीं क्विंटलास दोन हजारांच्या आसपास होता. “म्हणजे पन्नास क्विंटल कापूस,” ते म्हणाले, “पण बाजारांत बोलीचा भाव एक असतो आणि हिशेबपट्टीवर हातीं पडणारा दुसरा. आम्ही विकायला गेलों कीं तो उतरतो, घ्यायला गेलों कीं चढतो. दीड लाखाच्या खालीं बोलूं नका.” आईनें सोन्यांत मोजलें. सुमारें नऊ तोळे सोन्याचा तो लाख होता, आणि मुलीच्या लग्नासाठीं सोनें जमवूं पाहणाऱ्या आईस तो आंकडा मोठा वाटणें साहजिक होतें. मी त्या वेळीं सातवींत होतों. मीं नव्वद हजार सांगितले; कारण आमच्या घरीं ती गाडी लवकर यावी असें मला फार वाटत होतें.

ती वही पुढें कित्येक वर्षांनीं माझ्या हातीं आली, तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. या आंकड्यांत गाडीविषयींची माहिती थोडी होती आणि आंकडा सांगणाऱ्या मनुष्याविषयींची फार. ज्यास भीति होती त्यानें भाव चढविला, ज्यास आशा होती त्यानें उतरविला, आणि ज्यास बाजारानें वारंवार फसविलें होतें त्यानें दर्शनी भावावर विश्वास ठेवला नाहीं. स्वतः नानांनीं आपला आंकडा मात्र कोठेंच लिहिलेला नव्हता.

याच सुमारास एके दिवशीं नाना वर्तमानपत्र मोठ्यानें वाचून दाखवीत होते. पावसांत निसरड्या रस्त्यावरून एकाच स्कूटरवर चाललेलें कुटुंब आपण पाहिलें, त्यांत बाप गाडी हांकीत होता, मूल पुढें उभें होतें आणि मागें आई तान्हें मूल घेऊन बसली होती, आणि त्यावरून ही गाडी सुचली, असें टाटांनीं सांगितल्याचा मजकूर त्यांत होता. एवढें वाचून नाना थांबले. पुढचा मजकूर त्यांनीं वाचला नाहीं. चष्मा पुसून ते उठून गेले.

पुढचें वर्ष अनिश्चिततेंत गेलें. बंगालमधील सिंगूर येथें कारखान्याच्या जमिनीवरून मोठें आंदोलन झालें आणि ऑक्टोबर २००८ मध्यें टाटांनीं तेथून कारखाना हलवून गुजरातेंतील साणंद येथें नेण्याचें ठरविलें. “आतां भाव वाढणार,” असें सारे म्हणूं लागले. २३ मार्च २००९ रोजीं मुंबईंत गाडी विक्रीसाठीं जाहीर झाली. दिल्लीच्या दुकानांत अगदीं साध्या गाडीचा भाव सव्वा लाखाच्या जवळपास होता. एप्रिलांत नोंदणी झाली. दोन लाखांहून अधिक लोकांनीं नांवें नोंदविलीं. पहिल्या लाखभर गाड्या कोणास द्यावयाच्या हें सोडत काढून ठरविण्यांत आलें. नानांनीं बँकेचें कर्ज काढून नांव नोंदविलें होतें. सोडतींत तें निघालें. त्यानंतरहि बरीच वाट पाहावी लागली. नोंदणी, विमा, कर हें सारें धरून आमचा हिशेब दीड लाखाच्या घरांत गेला. आप्पाकाकांचा अंदाज खरा ठरला!

गाडी दारांत आली त्या दिवशीं आईनें तिला कुंकूं लावलें, नारळ फोडला. शेजारीपाजारी जमले. परंतु एकानेंहि “आंत बसून पाहूं कां?” असें विचारलें नाहीं. सर्वांचा प्रश्न एकच, आमच्या अहिराणींत, “कितलामा पडनी?” नाना खरें काय तें सांगत. तरी गल्लींत तिचें नांव पडावयाचें तेंच पडलें, लाखाची गाडी. पुढें धुळ्यास आईच्या माहेरीं लग्न होतें. मांडवाशीं गाडी थांबतांच कोणीतरी थट्टेनें म्हणालें, “या, लाखाची गाडी आली!” लोक हंसले. नानाहि हंसले. मात्र संध्याकाळीं मीं पाहिलें, तों त्यांनीं गाडी मांडवापासून दूर, एका निंबाखालीं नेऊन लावली होती. मला त्या वेळीं त्यांचा राग आला. खरें सांगावयाचें, तर मलाहि त्या गाडीची थोडी लाज वाटूं लागली होती. शाळेच्या फाटकापर्यंत मला सोडूं नका, असें मीं त्यांना दोनदां सांगितलें होतें. त्या शब्दांची आठवण झाली म्हणजे आजहि मला मान वर करवत नाहीं.

पुढें त्या गाडीचें काय झालें हें सर्वांस ठाऊक आहे. खप घटत गेला आणि २०१८ सालीं तिचें उत्पादन जवळजवळ थांबलें. त्याचीं कारणें अनेक सांगतात. परंतु सर्वांत स्वस्त गाडी अशी तिची ओळख झाली हें दुर्दैव होय, असें खुद्द रतन टाटांनीं पुढें म्हटलें होतें. ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं ते निवर्तले. मला वाटतें, या ओळखीस आपणहि थोडे जबाबदार आहों. पांच वर्षें आपण तिच्या किंमतीचेंच बोललों. तेव्हां गाडी आली ती किंमतीचेंच नांव घेऊन आली. ज्या पावसांतून तिची कल्पना निघाली, तो पाऊस सारे विसरले.

सारे, पण आमच्या घरांत एकजण विसरली नव्हती. त्या लग्नाहून परततांना पारोळ्याच्या अलीकडे पावसानें आम्हांस पुन्हां गांठलें. कांचेवर धारा कोसळत होत्या आणि तो एकुलता वायपर धांपा टाकल्यासारखा हालत होता. मला ती जागा ओळखूं आली; नानांनाहि आली असावी, कारण त्यांनीं वेग अगदीं कमी केला. मीं मागें वळून पाहिलें. माझी बहीण, जी आभाळ दाटलें कीं रडत असे, ती खिडकीची कांच थोडी खालीं करून, ज्या हाताला कधीं प्लॅस्टर होतें तोच हात बाहेर काढून पावसाचें पाणी ओंजळींत झेलीत होती. “कांच लाव, भिजशील,” आई म्हणाली. नाना म्हणाले, “राहूं दे.”

त्या वहींत सर्वांच्या आंकड्यांखालीं नानांच्या अक्षरांत त्या दिवसाची तारीख आहे. तिजपुढें रक्कम नाहीं. केवळ एवढेंच लिहिलें आहे: “धुळें ते जळगांव. पाऊस. सर्व कोरडे.”

विद्यार्थिमित्रहो, भाव विचारूं नये असें मी म्हणत नाहीं. हिशेबनिसाच्या मुलानें तसें म्हणणें शोभणार नाहीं. परंतु कोणाच्या दारीं नवी वस्तु आली, तर ती केवढ्याला पडली हें विचारण्यापूर्वीं, ती कशासाठीं हवी होती, हें एकदां विचारून पाहा. आणि तुमचे वडील तुम्हांस ज्या गाडीवर बसवून शाळेच्या फाटकाशीं आणून सोडतात, ती सायकल असो वा मोटार, तिजवरून उतरतांना मान खालीं घालूं नका.