गटप्रकल्पातला ठामपणा

शालेय गटप्रकल्पात ठामपणा म्हणजे आपल्या वाट्याचे काम, आपला वेळ आणि आपले श्रेय यांविषयी स्पष्ट बोलणे, आणि बोलताना समोरच्याचा मान राखणे. भिडस्त विद्यार्थी स्वतःचा हक्क सोडून देतो, भांडखोर विद्यार्थी दुसऱ्याचा हिरावून घेतो; ठाम विद्यार्थी दोघांचेही हक्क जागेवर ठेवतो. मराठी घरांत ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण मुलांना ऐकवली जाते, आणि त्याच घरांत मुलींना ‘जाऊ दे, तूच समजूतदारपणा दाखव’ असेही सांगितले जाते. दुसरे वाक्य कितीतरी अधिक वेळा कानावर पडते. समजूतदार ठरलेल्या मुलीकडे मग गटाचे सगळे काम आपोआप येते. प्रस्तुत लेखिकेच्या बाबतीत नववीत नेमके हेच घडले.

गटात काम असमान का वाटले जाते, याचा अभ्यास जुना आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून त्यांचे बळ मोजले. त्याचे निष्कर्ष 1913 मध्ये प्रसिद्ध झाले. आठ जण एकत्र ओढू लागले की प्रत्येकाचे बळ एकट्याने ओढताना लागणाऱ्या बळाच्या जवळपास निम्म्यावर येत होते. काही घट एकाच वेळी जोर न लागल्यामुळे होती, पण सगळी नव्हे. 1979 मध्ये बिब लाताने, किप्लिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवण्याचे आणि ओरडण्याचे प्रयोग केले. आपल्यासोबत इतरही ओरडत आहेत असे केवळ वाटले, तरी माणूस कमी जोर लावतो, हे त्यांना दिसले. याच संशोधकांच्या 1981 मधील प्रयोगांत, प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जात आहे हे कळताच ही ढिलाई नाहीशी झाली. एका आळशी मुलीला दोष देऊन विषय संपत नाही, तो यामुळेच. कोणी काय केले हे दिसत नसेल, तर चांगली मुलेही हात आखडतात.

नववीचा तो प्रकल्प औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीवर होता. या शहराला जुन्या नहरींचे वैभव आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 1610 मध्ये हे शहर खडकी या नावाने वसवले आणि डोंगराकडचे पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या जोरावर, गावात आणले. पुढे पाणचक्कीपर्यंतही मातीच्या नळांतून पाणी आणले गेले. ते एका उंच भिंतीवर चढते, तिथून हौदात कोसळते, आणि त्याच जोरावर पूर्वी पिठाचे जाते फिरत असे. पाणी भिंतीवर चढते कसे, हा प्रकल्पाचा गाभा होता. उगम भिंतीच्या माथ्यापेक्षा उंच असेल आणि नळ बंदिस्त असेल, तर पाणी उगमाच्या पातळीकडे वर येऊ पाहते. कोणतीही मोटर लागत नाही. हे समजून घेण्यासाठी लेखिकेने सलाइनची नळी आणि नरसाळे घेऊन घरच्या मोरीत बराच वेळ घालवला. तो शोध तिला मनापासून आवडला होता, हे इथे नोंदवायला हवे. काम अंगावर पडल्याचे दुःख पुढचे आहे, कामाचा आनंद खराच होता.

गट पाच जणींचा होता. पहिल्या दिवशी ‘सगळ्या मिळून करू’ एवढेच ठरले. कोण काय करणार, हे कोणी बोलले नाही. थर्मोकोलची प्रतिकृती, आकृत्या, माहिती, वहीचे लेखन, सारे एकीकडे साचत गेले. एकीची शिकवणी होती, एकीच्या घरी पाहुणे होते, एकीने ‘तुला छान जमतं गं’ म्हटले. सादरीकरणाच्या दिवशी बोलण्यात तरबेज असलेली मुलगी पुढे उभी राहिली. शिक्षकांनी विचारले, ‘पाणी वर कसं चढतं?’ ती अडली. मागून लेखिकेने हळू आवाजात उत्तर दिले, पुढच्या मुलीने तेच मोठ्याने म्हटले, आणि शाबासकी तिला मिळाली. गुण पाचही जणींना सारखे होते.

अशा प्रसंगाचा पहिला परिणाम निराशा, आणि दुसरा त्याहून वाईट असतो. नॉर्बर्ट कर यांनी 1983 मध्ये दाखवले, की सोबतचा माणूस जमत असूनही काम टाळतो आणि फायदा घेतो असे दिसले, की कष्ट करणाराही हात आवरता घेतो. आपला वापर होऊ नये म्हणून तो स्वतःच्या यशावरही पाणी सोडतो. लेखिकेच्या मनातही ‘पुढच्या वेळी मीही काही करणार नाही’ हेच आले होते. पाणचक्कीवर जीव लावणारी मुलगी पुढच्या प्रकल्पाला निर्विकारपणे बसणार, हे नुकसान गुणपत्रिकेवर कुठेच दिसत नाही.

वळण दिले ते आत्याने. ती महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत असे. सरांकडे जाऊ का, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘आता गेलीस तर ती तक्रार होईल. काम वाटताना बोलली असतीस तर ती अट झाली असती.’ ठामपणाच्या शिक्षणातला हा कळीचा मुद्दा आहे. बहुतेक मुले सहन करत राहतात आणि शेवटी फुटतात. फुटणे म्हणजे ठामपणा नव्हे.

ठामपणा शिकवता येतो, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्याची. अँड्र्यू सॉल्टर यांनी 1949 मध्ये आणि जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये ती उपचाराच्या भाषेत मांडली. रॉबर्ट अल्बर्टी आणि मायकेल एमन्स यांच्या 1970 च्या पुस्तकाने ती सामान्य वाचकांपर्यंत नेली. वोल्पे यांच्या उपचारात भीतीच्या प्रसंगांची उतरंड लावतात आणि सर्वांत सोप्या पायरीपासून सुरुवात करतात. आत्याने तशीच उतरंड करून घेतली. झेरॉक्सच्या दुकानात पुसट आलेले पान बदलून मागणे तळाशी होते. दिलेला कंपास परत मागणे त्याच्या वर, भर वर्गात शंका विचारणे आणखी वर. जिवलग मैत्रिणीला नाही म्हणणे सर्वांत वर होते, शिक्षकांशी बोलण्याच्याही वर. परक्याला नकार देणे सोपे असते.

वाक्यांची रचनाही शिकावी लागली. थॉमस गॉर्डन यांनी ‘तू’ने सुरू होणाऱ्या आरोपाऐवजी ‘मी’ने सुरू होणारे निवेदन सुचवले होते. ‘तुम्ही कोणी काही करत नाही’ याला उत्तर म्हणून भांडणच येते. ‘मी दोन्ही भाग लिहिले तर माझा अभ्यास राहतो, म्हणून मी एकच लिहीन’ यावर भांडायला फारशी जागा उरत नाही. मॅन्युएल स्मिथ यांनी 1975 च्या पुस्तकात तेच वाक्य आवाज न चढवता पुन्हा म्हणण्याचे तंत्र सांगितले. ते वाचायला यांत्रिक वाटते. प्रत्यक्षात त्याचा मोठा आधार असतो, कारण प्रत्येक सबबीला नवे उत्तर शोधावे लागत नाही.

अकरावीत पर्यावरणाचा प्रकल्प खाम नदीकाठच्या कचऱ्यावर होता. पहिल्याच बैठकीत लेखिकेने कागद पुढे केला: नाव, काम, तारीख. जिवलग मैत्रीण म्हणाली, ‘अगं, तुझं अक्षर सुंदर आहे, तूच लिही ना सगळं.’ उत्तर गेले, ‘माझा भाग मी लिहीन. तुझ्या नोंदी तू लिही.’ ‘एवढं काय त्यात?’ पुन्हा तेच, ‘माझा भाग मी लिहीन.’ हात थरथरत होते, आवाज मात्र स्थिर राहिला. मैत्रीण काही काळ तुटक वागली. तिचा भाग उशिरा आला आणि कच्चाच होता. तो रात्रीत सुधारून टाकण्याची ऊर्मी आवरणे हे नकार देण्यापेक्षाही कठीण गेले. जबाबदार मुलांच्या ठामपणाची खरी परीक्षा इथे असते, आणि याविषयी फार कमी लिहिले गेले आहे.

कामाच्या वाटणीचा तो कागद वहीला जोडून लेखिकेने मॅडमना विनंती केली, ‘मॅडम, तुम्ही प्रत्येकीला तिच्या भागावर प्रश्न विचाराल का?’ त्यांनी विचारले, आणि गुण वेगवेगळे पडले. मात्र अशी विनंती विद्यार्थिनीला करावी लागू नये. इलियट ॲरन्सन यांनी 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत जी पद्धत आणली, तिच्यात धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाकडे असतो आणि तो त्याने इतरांना शिकवल्याशिवाय धडा पुरा होत नाही. तिथे लाजऱ्या मुलाचे ऐकावेच लागते. गटप्रकल्प देणाऱ्या शाळेने एवढी रचना तरी करून द्यावी; भिडस्त मुलांवर सारा भार टाकून त्याला सहकार्य म्हणू नये.

नववीचे गुण बदलले नाहीत, आणि ते बदलून मागितलेही गेले नाहीत. मैत्रिणीने बारावीच्या प्रकल्पासाठी दुसरा गट निवडला. तिथे काम वाटण्यासाठी कागद तिनेच काढला, हे पुढे तिच्याकडूनच कळले.