दोन पायांमधलं अंतर

"काकू, बघा ना, हे उभंच राहत नाही." वरच्या मजल्यावरची मुलगी दारात उभी होती. तिच्या ओंजळीत गुलाबी रंगवलेलं कोंबडीचं पिल्लू. दोन पाय दोन दिशांना गेलेले, पोट तळव्याला टेकलेलं, आणि चिवचिव मात्र सगळा जिना ऐकेल अशी.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आल्यापासून अशी पिल्लं माझ्याकडे येतात. पाच-पन्नास पिल्लं टोपलीत घेऊन फेरीवाला बसतो आणि मुलं हट्ट धरतात. अंड्यांच्या कोंबड्यांची पैदास होते त्या हॅचरीत निम्मी पिल्लं नर निघतात. ती अंडी देणार नाहीत, मांसासाठी लवकर भरणारही नाहीत. म्हणून त्यांना हिरवा-गुलाबी रंग फासून खेळणं म्हणून विकतात. याचा मला अजूनही संताप येतो. पण पिल्लू हातात आलं की आधी पाय बघायचे.

"कुठं ठेवलं होतंस?"

"खोक्यात. खाली पेपर घातलाय."

पेपरच तर घात करतो. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला वर्तमानपत्र म्हणजे शेवाळलेली पायरी. ते उठायला बघतं, पाय बाहेर सरकतात, पुन्हा उठतं, पुन्हा सरकतात. त्या वयात हाडं, सांधे सगळं कोवळं असतं, त्यामुळे दोन दिवसांत तीच सवय पायात बसते. उबवणीत उष्णता किंवा दमटपणा बिघडला तरी पाय असे फाकतात. कोकणात आजीची पिल्लं खुडूक कोंबडीच्या पोटाखालून थेट मातीच्या अंगणात उतरायची, आणि तिच्याकडे फेंगडं पिल्लू पाहिल्याचं मला आठवत नाही. माती नखांना धरू देते. इथं मी जुन्या सुती साडीची चौघडी घालते. टॉवेल घालत नाही, त्याच्या धाग्यांच्या फासात नख अडकतं.

पाय कोवळे असतात म्हणूनच बिघडतात आणि म्हणूनच सुधारतातही. पहिल्या दोन-तीन दिवसांत बांधलं तर बहुतेक पाय जागेवर येतात. आठवडा उलटला की तेच काम अवघड होतं. त्यामुळे मुलीला मी चार दिवसांनी ये म्हटलं नाही, तिथंच बसवून घेतलं.

जखमेवर लावतो ती बँड-एडची पट्टी घ्यायची आणि उभी कापून अरुंद करायची. मधली गादी दोन पायांच्या मध्ये येईल अशी धरून चिकट टोकं नळ्यांभोवती गुंडाळायची. जागा गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या खाली, पंजाच्या वर. खरं म्हणजे तो गुडघा नाही, पिल्लाची टाच आहे. दोन पायांत अंतर साधारण एक इंच, पिल्लू नीट उभं राहिलं असतं तर असतं तेवढंच. इथंच हाताची परीक्षा. पहिल्या वेळी लवकर बरं व्हावं म्हणून मी पाय जवळ ओढून बांधले होते. पिल्लू सारखं तोंडावर पडत राहिलं, आणि पाण्याच्या वाटीत पडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. ते गेलं. तेव्हापासून वाटी उथळ घेते, तीत खडे टाकते. पाय फारच फाकलेले असतील तर पहिल्या दिवशी सैल बांधते, दुसऱ्या दिवशी थोडे जवळ आणते.

उबेचंही बघावं लागतं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. दिल्लीच्या मे महिन्यात दुपारी खोलीच तेवढी तापते, पण जानेवारीच्या रात्री खोक्यावर ६० वॅटचा बल्ब लागतो. त्याच्या खाली सगळं खोकं तापवायचं नाही, नको वाटलं तर पिल्लाला सरकायला गार कोपरा हवा.

सगळेच वाकडे पाय फरशीमुळे वाकडे नसतात. बोटं मुठीसारखी आत वळलेली असतील आणि पिल्लू टाचांवर बसून चालत असेल, तर बी-२ जीवनसत्त्वाची, म्हणजे रायबोफ्लेविनची, उणीव आणि तिच्यामुळे बिघडलेली पायाची मुख्य नस आठवावी. तिथं पट्टी उपयोगाची नाही. डॉक्टरांना विचारून पिवळ्या औषधाचे थेंब द्यावे लागतात, तेही वेळेवर. नस फार बिघडली तर ती परतत नाही. पिल्लू चालतं नीट आणि एखादं बोट जन्मतःच वाकलंय, एवढंच असेल तर पुठ्ठ्याचा छोटा जोडा चिकटपट्टीनं पायाला बसवते. दोन-तीन दिवसांत बोट सरळ होतं.

सगळ्यात जड जातो तो टाचेवरचा स्नायुबंध निसटलेला पाय. सांध्यामागे बोट फिरवलं की दोरी खोबणीत लागत नाही, बाजूला लागते. सांधा सुजलेला, तंगडी बाहेर पिळलेली. खाद्यातलं मँगनीज कमी पडलं तर असं होतं, हे १९३६ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. पण निसटलेला बंध नंतर मँगनीज देऊन जागेवर येत नाही. असं पिल्लू मी घरी ओढत-ताणत बसत नाही. लाल किल्ल्यासमोर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं धर्मार्थ रुग्णालय आहे, तिथं किंवा जनावरांच्या डॉक्टरकडे नेते. कधी डॉक्टर मान हलवतात. त्या दिवशी रिक्षात घरी येताना खोकं मी मांडीवरून खाली ठेवत नाही.

गुलाबी पिल्लाचे पाय मात्र फरशीनंच फाकलेले होते. मुलगी रोज शाळेतून आली की दप्तरासकट माझ्याकडे. चौथ्या दिवशी पट्टीला खोबरेल लावून ती भिजू दिली. कोरडी ओढली तर कातडी सोलते. पट्टी निघाली. पिल्लू जरा डुललं, उभं राहिलं. गुलाबी लवेतून पंखांची पांढरी टोकं डोकावत होती. कापडावर दाणा नव्हता, काहीच नव्हतं. तरी त्यानं डाव्या पायानं दोनदा उकरलं, उजव्यानं एकदा, आणि पाऊलभर मागे सरून मान वाकडी करून खाली बघितलं.