मोज्यांचे गोळे आणि एक बंदूक

खामगाव,
चैत्र

चि. सोनू हिस,


तुझं पत्र पोचलं. सुट्टीत येताना लेकराची ती फोमच्या गोळ्यांची बंदूक आणू द्यावी की पुण्यातच ठेवावी, असं तू विचारलं आहेस. मुळात मुलाच्या हाती बंदूक द्यावीच का, ही शंकाही तू लिहिली नाहीस तरी मला कळली. माझं म्हणणं, आणू दे. फक्त तिच्यासोबत आणखी काही आणावं लागेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खेळातल्या बंदुकीची मला धास्ती नाही. आम्हीही दिवाळीत टिकल्यांची पिस्तुलं घेऊन चोर-पोलीस खेळलो. त्यातले कुणी मास्तर झाले, कुणी कापसाच्या धंद्यात गेले, कुणी एसटीत कंडक्टर. समोरच्याला लागल्यावर पोरगं काय करतं, याकडे मात्र मी बारीक लक्ष ठेवतो.

या खेळण्याचा जन्म कसा झाला ते तुला आवडेल. १९६९ च्या सुमारास अमेरिकेत रेन गायर आणि त्याचे सहकारी आदिमानवांचा एक खेळ रचत होते आणि त्यासाठी त्यांनी फोमचे दगड केले होते. खेळ राहिला बाजूला, ते दगड एकमेकांवर फेकण्यातच सगळे रमले. त्यातूनच घरात कितीही फेकला तरी काही फुटणार नाही असा ‘नर्फ’ चेंडू पार्कर ब्रदर्स कंपनीनं बाजारात आणला. फोमचे चेंडू उडवणारी बंदूक आली १९८९ साली, आणि लांबट गोळ्या त्याच्याही नंतर.

शेजारच्या पोराची अशी एक बंदूक बिघडली होती, ती मी खोलून पाहिली. आत स्प्रिंगवर ताणलेला दट्ट्या असतो. चाप ओढला की तो सुटतो, सायकलच्या पंपासारखी हवा दाबतो, आणि तो झोत गोळीला पुढे लोटतो. गोळीचं वजन जेमतेम एक ग्रॅम. आपल्या घाटाखालच्या उन्हाळी वाऱ्यात ती भलतीकडेच जाते. तेव्हा खेळ ओसरीत आणि माजघरात, तोही ऊन उतरल्यावर.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. लगोरीत चेंडू पाठीत बसला की आवाज होतो, पाठ लाल होते, कुणाला नाही म्हणता येत नाही. फोमची गोळी सदऱ्याला लागते आणि खाली पडते, खूणसुद्धा राहत नाही. पळापळीत लागली की नाही हे बहुतेक वेळा ज्याला लागली त्यालाच ठाऊक. त्यानं आपणहून हात वर करून ‘लागली’ म्हटलं तरच खेळ पुढे सरकतो. कुणी पाहिलेलं नसताना आपण बाद झालो हे नऊ-दहा वर्षांच्या पोरानं मोठ्यानं सांगायचं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. तुझ्या लेकराला नेम शिकवू नकोस, तो आपोआप येईल. हे मात्र शिकव.

दुसरी काळजी गावातल्या पोरांची. बंदूक एक आणि पोरं दहा. ज्याच्या हाती ती आहे तो राजा आणि बाकीचे गोळ्या वेचणारे, असं माझ्या ओसरीत मला चालणार नाही. त्यावर चांगला तोडगा आहे. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये गाउचर कॉलेजच्या मुलांनी २००५ साली माणसं आणि झॉम्बींचा एक खेळ सुरू केला, तो पुढे कितीतरी कॉलेजांत पसरला. झॉम्बीनं शिवलं की माणूसही झॉम्बी होतो. माणसांनी फोमची गोळी मारली की झॉम्बीला ठरावीक वेळ खेळाबाहेर थांबावं लागतं. वाचल्यावर तुला आपली साखळी आठवेल, आणि थोडं विष-अमृतही. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते हे, की गोळीऐवजी गुंडाळलेले मोजे फेकले तरी चालतात. ज्याच्याकडे बंदूक नाही तोही बरोबरीनं खेळतो. तेव्हा घरातले जुने, जोडी हरवलेले मोजे टाकू नकोस, सगळे घेऊन ये. बंदूक प्रत्येक डावाला दुसऱ्याकडे जाईल, हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगणार आहे. लेकराची तयारी तू घरूनच करून आण. इथे आल्यावर त्याला अचानक कळलं तर त्याचं मन दुखेल.

डोळ्यांच्या बाबतीत मी कसलीही सूट देणार नाही. २०१७ साली लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशा गोळीनं डोळ्याच्या आत रक्तस्राव झालेल्या तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि खेळताना संरक्षक चष्मा घालावा असं सुचवलं. त्या तिघांत मोठी माणसंही होती. म्हणून गळ्याच्या वर नेम धरायचा नाही, आणि चष्म्याशिवाय कुणी ओसरीत पाऊल टाकायचं नाही. गोळ्या घेताना टोक दाबून पाहा, ते मऊ असलं पाहिजे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते खोक्यावर बघ. यात्रेत आणि आठवडी बाजारात बिनचिन्हाचा माल सुटा मिळतो, स्वस्तही असतो. तो मी घरात येऊ देत नाही.

गोळ्या मोजून द्यायच्या आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायच्या. कोठ्यात वासरू आहे, ते समोर पडेल ते तोंडात घालतं. एक गोळी कमी भरली तर सगळ्यांनी मिळून शोधायची, मग जेवण.

महाराष्ट्र एक्स्प्रेसनं येत असाल तर शेगावला उतरा, मी स्टेशनावर असेन. चष्मे प्लॅस्टिकचे, न फुटणारे घे, दहा मुलांचे आणि एक माझा. तुझी मामी तुझ्यासाठी शेवयांची तयारी करते आहे.

तुझा,
मामा