सोळावे कलम

नेमणुकीचे पत्र मन लावून वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पगाराचा आकडा दिसला, की डोळे थेट सहीच्या रेघेवर येतात. मधली चार पाने म्हणजे लग्नातली मंगलाष्टके. ती कुणी ऐकत नाही, सारे अक्षता मुठीत धरून शेवटच्या 'सावधान'ची वाट पाहत असतात.

माझ्या भाच्यानेही असेच केले. रंगांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो सात वर्षे आहे. यंदा दुसरीकडून बोलावणे आले, तेव्हा त्याने फायलीतून ते पत्र काढले. सोळाव्या कलमात लिहिले होते, की नोकरी सोडल्यावर दोन वर्षे रंगाच्या कुठल्याही कारखान्यात तो काम करणार नाही. रंगाखेरीज त्याला दुसरे येते काय? दोन वर्षे त्याने काय रांगोळी विकावी?

आता १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम स्पष्ट आहे : कुणाला कायदेशीर धंद्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नावलौकिकासकट धंदा विकणाऱ्यावर वाजवी बंधन चालते, नोकरी सोडून गेलेल्यावर नाही. न्यूयॉर्कसाठी केलेल्या ज्या मसुद्यावरून हे कलम बेतले, त्यावरूनच कॅलिफोर्नियानेही त्याच साली आपले घेतले. तिथले संगणकवाले या कंपनीतून त्या कंपनीत बिनघोर जातात, त्याचे एक कारण हे सांगतात.

नोकरीच्या मुदतीतले बंधन मात्र निराळे. कल्याणच्या सेंचुरी कंपनीने टायरच्या दोऱ्याची विद्या परदेशी कंपन्यांकडून घेतली आणि १९६३ साली एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर नेमला. १९६४ साली तो जास्त पगारावर कोट्याच्या तसल्याच कारखान्यात गेला. मुदत संपेपर्यंत त्याने तिथे काम करू नये, हा मनाई हुकूम सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली कायम केला. मला त्या निकालात खोट दिसत नाही. गुपित मालकाचे, ते त्याने राखावे. पण रंग ढवळता ढवळता तो किती दाट झाला हे भाच्याच्या मनगटाला कळते, ते कुणाचे? ते काय संध्याकाळी फाटकावर उतरवून ठेवायचे?

हे सारे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "कलम रद्द असेल, मामा, पण सही माझीच ना?"

मला राग आला, आणि वडिलांची आठवणही झाली. तोंडी दिलेल्या शब्दापायी त्यांनी एकदा चढ्या भावाने वर्षाचा गूळ भरला होता. मालक हेच ओळखून असतो. कोर्टात न टिकणारे कलम कोर्टासाठी लिहिलेलेच नसते. ते असल्या घरांतल्या मुलांसाठी असते. शिवाय वकिलाची एक नोटीस गेली, की नवा मालकही म्हणतो, कशाला झंझट!

महिनाभर भाचा घुम्यासारखा हिंडला. मग भाचेसुनेने दोन्ही पगार शेजारी शेजारी मांडून दाखवले असावेत. गेल्या आठवड्यात नव्या जागेचे पत्र घेऊन तो आला आणि माझ्यासमोर बसून ते पहिल्या ओळीपासून वाचू लागला. चौदाव्या कलमाशी थांबला. तिथे दोन नव्हे, तीन वर्षे होती. त्याने माझी पेन्सिल मागितली, त्या ओळीखाली रेघ मारली, आणि फोन घेऊन गॅलरीत गेला.