आधीं जमीन, मग झाड

आपल्या फुलसावंगीच्या नांवांतच फूल आहे. परंतु वैशाखांत गांवांतून एक फेरी मारावी, तर दारोदारीं वाळलेल्या काड्या व त्यांभोंवतीं मोठ्या हौसेनें केलेलीं आळीं तेवढीं दृष्टीस पडतात. पावसाळ्याच्या आरंभीं रोपवाटिकेंतून आणलेलीं हींच झाडें केवढीं टवटवीत होतीं! दोष उन्हाला देण्याची आपली रीत आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो हेंहि खरें. तथापि त्याच उन्हांत बहावा पिवळ्या घोसांनीं लवून गेलेला असतो. अनेक वर्षांच्या निरीक्षणावरून मला असें वाटूं लागलें आहे कीं, बहुतेक झाडें निवडीच्या दिवशींच मेलेलीं असतात.

झाड निवडण्यापूर्वीं जमीन पाहावी. ओल्या मातीची करंगळीएवढी वात वळून तिचें कडें करावें. कडें न मोडतां झालें तर जमीन चिकण काळी. वात वळतांनाच तुटली तर मुरमाड. मग हातभर खड्डा खणून तो पाण्यानें भरावा. मुरमांत तें पाणी पाहतां पाहतां नाहींसें होतें. भिजलेल्या काळींत सकाळींहि उभें असतें. आपली काळी माती काळ्या फत्तराची, म्हणजे बेसाल्टची, झीज होऊन बनलेली आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली कीं आकसते. म्हणून श्रावणांत झाडाचीं मुळें हवेवांचून कुजतात, व त्यांतून जीं वांचतात तीं वैशाखांत भेगा पडून तटातट तुटतात. कापसाला ही जमीन मानवते म्हणून गुलाबालाहि मानवावी असा कांहीं नियम नाहीं.

अशा काळींत करंज निर्धास्त लावावा. तो पायांशीं पाणी सोसतो, पुढें पाण्यावांचूनहि तग धरतो आणि सावली दाट देतो. बाभूळ तर तेथलीच. कडुनिंब मात्र सर्वत्र चालतो अशी जी समजूत आहे ती अर्धीच खरी आहे. सांचलेलें पाणी त्याला सोसत नाहीं, त्याची जागा मुरमावर. चाफा, सीताफळ व बोगनवेल हींहि तिकडचींच. बोगनवेलीला पाणी अधिक घातलें तर नुसतीं पानें वाढतात. तहानेली असली म्हणजे ती फुलते. कुंपणाला कण्हेर चांगली, कारण शेळ्या तिला तोंड लावीत नाहींत. त्याचें कारण तिचें विष होय, हें लक्षांत ठेवून ती लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर लावावी. मोरीच्या पाण्यावर कर्दळ, केळ आणि अळू. भिंतीच्या सावलींत अबोली.

यांतील कांहीं झाडें परदेशची आहेत, म्हणून तीं टाळावीं असें मुळींच नाहीं. बंगालमधील श्रीरामपूरचे विल्यम केरी, ज्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापलें, त्यांनींच १८२० सालीं कलकत्त्यास शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठीं संस्था स्थापिली. सदाफुली मादागास्कर बेटांतून आली आणि आपल्या दगडमातींत घरचीच होऊन राहिली. उलट घाणेरी हीहि शोभेचें झाड म्हणूनच आणली गेली. तिनें पुढें रानेंच्या रानें व्यापलीं. तिला बागेंत थारा देऊं नये.

मागें एकदां मीं वर्गाला ‘आमची बाग’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. एका मुलीनें लिहिलें कीं, वडिलांनीं शहरांतून आणलेल्या सात गुलाबांसाठीं ती उन्हाळाभर रोज संध्याकाळीं दोन घागरी पाणी आणते, आणि मग अभ्यासाला बसते तों डोळे मिटूं लागतात. तिच्या लिहिण्यांत तक्रारीचा सूर नव्हता. गुलाबांचें कौतुकच होतें. मीं शुद्धलेखन तपासून वही परत केली, पण त्या दोन घागरी मनांतून जाईनात. पालकांस माझी विनंती आहे कीं, रोपाची किंमत विचारतांना विहीर तळाशीं गेल्यावर त्याला पाणी कोण घालणार, हेंहि विचारावें. आपल्याकडे त्या प्रश्नाचें उत्तर बहुधा घरांतील मुलगी हेंच असतें. गुलाबाची आवड असल्यास एक गुलाब मोरीजवळ कुंडींत लावावा, सात कशाला?

आतां ज्याला कोणी विचारीत नाहीं त्याविषयीं. ‘पळसाला पानें तीनच’ ही म्हण सर्वांस पाठ आहे, पण पळस अंगणांत लावलेला मात्र क्वचितच दिसतो. चिकण, पाणथळ, खारवट, कसलीहि जमीन त्याला चालते, आणि शिमग्याच्या सुमारास त्याच्याएवढें तांबडें कांहीं नसतें. तो वाढतो मात्र फार सावकाश. पहिलीं कांहीं वर्षें त्याचा कोंब उन्हाळ्यांत वाळून जातो व लोक झाड मेलें असें समजून जागा खणून टाकतात. वस्तुतः तो जमिनीखालीं मूळ जाड करीत असतो, आणि पावसाबरोबर पुन्हां फुटतो.

मुलांनो, उन्हाळ्याच्या सुटींत पळसाच्या पिकलेल्या चपट्या शेंगा जमवा. प्रत्येक शेंगेच्या टोंकाशीं एकच बीं असतें, तेव्हां मूठभर शेंगांनीं भागणार नाहीं. बीं वर्षभर डब्यांत ठेवूं नये, जुनें झालें कीं तें उगवत नाहीं. दोन चांगले पाऊस होतांच काळ्या जमिनींत वरंबा करून त्यावर लावावें, आणि जागेवर एक खुंटी रोवून ठेवावी, म्हणजे पुढल्या उन्हाळ्यांत कोणी ती खणणार नाहीं.