काट्यापलीकडचं बाळसं

तेरच्या गोरोबाकाकांनी मडकी पारखायचं थापटणं संतांच्या डोक्यावर मारून पाहिलं, ही कथा आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असते. बाहेरून सगळी मडकी सारखीच दिसतात. कच्चं कुठलं नि भाजलेलं कुठलं, ते आवाजावरून कळतं. त्या दिवशी नामदेव कच्चे ठरले. गोरोबाकाकांची दुसरी कथा, भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना पायाखाली आलेल्या त्यांच्याच लेकराची, मला अजूनही सलग ऐकवत नाही. पण धाराशिव जिल्ह्यात राहून तान्ह्या बाळांबद्दल लिहायचं तर मला थापटण्याची कथाच हाताशी हवी. न फोडता आतलं ओळखायचं कसं, हा कुंभाराचा प्रश्न बाळांच्या डॉक्टरांनाही पडतोच.

गावात त्याचं उत्तर अंगणवाडीतला लोंबता काटा देतो. आढ्याला टांगलेला काटा, खाली कापडी झोळी, झोळीत पाय झाडणारं बाळ. काटा थरथरत राहतो, ताई त्याच्याकडे डोळे लावून थांबते, तो स्थिरावला की वहीत आकडा पडतो. बाळ सहा महिन्यांपुढचं असलं तर दंडाला पट्टी: हिरवी, पिवळी, लाल. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दंड भरला की लाल. या पट्टीनं किती लेकरं वेळेत दवाखान्यात पोचली आहेत, हे ज्यानं पाहिलंय तो तिला कधी हलकी म्हणणार नाही.

माझ्या चुलतभावाच्या सुनेला मुलगी झाली तेव्हा वजन भरलं 2 किलो 400 ग्रॅम. काकू म्हणाल्या, “मुठीएवढं हाय बया. पण गाल बघ की, भरल्यात.” गाल खरंच भरलेले होते. हातपाय काटकुळे, मांड्यांची कातडी सैल, आणि तरी पोटावर, पाठीवर कसा कोण जाणे एक मऊपणा. दुसऱ्या दिवसापासून घरात एकच ध्यास: पोरीनं बाळसं धरलं पाहिजे. अळीव, खारीक, खोबरं, डिंक सगळं आईच्या ताटात. माझं लक्ष मात्र काकूंच्या त्या वाक्यात अडकून राहिलं, कारण त्यांनी डोळ्यांनी जे टिपलं होतं तेच पुण्यात शास्त्रज्ञांनी मोजून ठेवलं आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची, त्यांच्या गरोदरपणाची आणि बाळांची नोंद ठेवू लागले. त्या आयांचं सरासरी वजन जेमतेम 42 किलो, उंची 152 सेंटिमीटर. बाळं सरासरी 2.7 किलोची. तुलनेला घेतली ती इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं, साडेतीन किलोची. बाळाची कातडी चिमट्यात धरून तिची घडी किती जाड भरते ते मोजलं. लांबी, डोकं, दंड, पोटाचा घेर, सगळ्यात पुण्याची बाळं मागे. खांद्याच्या पात्याखालची घडी मात्र फारशी मागे नव्हती. स्नायू कमी पडले होते, आतले अवयव लहान राहिले होते, चरबी तेवढी बरीचशी शाबूत. 2003 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि रोड दिसणारं पण चरबी बाळगणारं भारतीय बाळ जगाच्या वैद्यकात ओळखीचं झालं.

तरीही चिमटा कातडीपाशीच थांबतो. पोटाच्या आत काय आहे, ते त्याला कळत नाही. मग एमआरआय. या यंत्रात क्ष-किरण नाहीत, म्हणून तान्ह्या बाळालाही ते चालतं. बाळाला पोटभर पाजायचं, कानांवर आवाज अडवणारी आवरणं ठेवायची, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं आणि ते आपोआप झोपेपर्यंत वाट पाहायची. गुंगीचं औषध लागत नाही. बाळंतिणीच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या जे चालत आलंय, पाजणं, गुंडाळणं, थोपटणं, तेच त्या कोट्यवधींच्या यंत्रासमोरही करावं लागतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो. जबर चुंबकात त्याला रेडिओलहरींनी डिवचलं की पाण्यातला हायड्रोजन एका तऱ्हेनं उत्तर देतो, चरबीतला दुसऱ्या. त्या उत्तरांतून चकत्यांसारखी चित्रं तयार होतात. बेंबीच्या पातळीची एक चकती पाहा. कातडीखाली पांढरं, उजळ कडं, ती वरची चरबी. आत राखाडी स्नायूंची भिंत. आणि त्या भिंतीच्या आत, आतड्यांच्या वळणांमध्ये, मूत्रपिंडांभोवती, पुन्हा पांढरे ठिपके, पांढऱ्या रेघा. प्रत्येक चकतीवरचं पांढरं क्षेत्रफळ जाडीनं गुणायचं, सगळ्या चकत्या मिळवायच्या. चरबी किती, आणि नेमकी कुठे, दोन्ही कळतं.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या नीना मोदी आणि पुण्याचे याज्ञिक यांच्या चमूनं हे केलं. पुण्यात जन्मलेली 69 बाळं, लंडनमध्ये जन्मलेली गोरी 30 बाळं. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले. पुण्याची बाळं वजनानं अर्ध्या किलोहून जास्त हलकी, तरी चरबीची एकूण बेरीज जवळपास सारखी. वाटणी मात्र वेगळी. हातापायांच्या बाजूला कमी, पोटाकडे जास्त, आणि पोटाच्या आतही जास्त. फरक किती? चहाचे तीन-चार चमचे. एवढीशी चरबी, पण पुढे जाऊन मधुमेहाशी जिचं नातं जुळतं ती हीच जागा. नाळेतल्या रक्तात इन्सुलिनही जास्त असल्याचं याज्ञिकांनी 2002 मध्येच दाखवलं होतं.

चरबीला मी दोष देत नाही. माणसाचं बाळ मुळातच चरबी घेऊन जन्मतं, त्या मानानं वासरू नि करडू हाडकुळंच. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत ती साठते. बाळ खातं त्यातलं निम्म्याहून जास्त एकटा मेंदू संपवतो, त्याच्यासाठी ही शिदोरी. खांद्यांमधली तपकिरी चरबी तर कुडकुडता न येणाऱ्या जिवाला ऊब देते. पोटात अन्न कमी पोचलं की गर्भ काटकसर करतो: मेंदू जपतो, थोडी चरबी जपतो, स्नायूंवर पाणी सोडतो. जगायचंय म्हणून केलेली ही तजवीज आहे. तिचा हिशेब चाळिशीत येतो, कधी तिशीतच. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो आला. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3. चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनची 9.1. त्या फोटोत मला आमच्या गावातले निम्मे पुरुष दिसतात.

आणि त्या चकतीत मला आमच्या बायका दिसतात. पुण्याजवळच्या त्या सहा गावांच्या अभ्यासात निघालं की पालेभाज्या, फळं, दूध गरोदरपणात ज्यांच्या पोटात गेलं त्यांची बाळं मोठी होती, आणि रानातलं काम, पाणी वाहणं ज्यांच्या वाट्याला जास्त आलं त्यांची लहान. परंडा, भूम, वाशी, कळंब पट्ट्यात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घागरींच्या रांगेत उभं कोण असतं? दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन जोडपं कारखान्याच्या वाटेला लागतं. पोट पुढे आलेली बाई भल्या पहाटे उठते, तोडलेल्या उसाची मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. ताटात भाकरी आणि ठेचा, दूध चहापुरतं. 1972 च्या दुष्काळात जी मुलगी जन्मली, खडी फोडणाऱ्या आईच्या पदराखाली वाढली, ती आज आजी आहे. तिच्या नातीच्या पोटातल्या त्या तीन-चार चमच्यांत त्या वर्षाचा काही अंश असणार, असं मला वाटतं.

म्हणून गुटगुटीत बाळाच्या हौसेची मला अलीकडे धास्ती वाटते. कमी वजनाच्या पोरीला साखर-तूप-बिस्किटांनी भरभर फुगवलं तर काटा खूश होतो, पण स्नायू काही बिस्किटांनी येत नाहीत. भावाच्या सुनेला मी एवढंच सांगितलं की सहा महिने अंगावरचंच पाज, आणि वजनाबरोबर लांबीही लिहून ठेव. काकूंना ते पटलं नाही. “लांबी मोजून काय शिवायचंय व्हय?” म्हणाल्या.

त्या सहा गावांतल्या ज्या बाळांची घडी चिमट्यात धरली होती, ती मोठी झाली. त्यांच्या आयांमध्ये ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळली होती. म्हणून 2012 पासून याज्ञिकांच्या चमूनं त्याच मुला-मुलींना, ऐन तारुण्यात, लग्न आणि दिवस राहण्याच्या आधीच ब-12 च्या गोळ्या देऊन पाहिल्या. बाळाची काळजी बाळाच्या आईचं लग्न ठरायच्याही आधी सुरू झाली. आमच्या अंगणवाड्यांत किशोरींची वही असते. ती गरोदर मातांच्या वहीइतकीच जपून भरली जावी, दुधाचा पहिला पेला घरातल्या चौदा वर्षांच्या पोरीला मिळावा आणि घागर तिच्या भावानंही उचलावी, यासाठी मी गावात ज्याच्या-त्याच्या ओसरीवर बसून बोलतो. काकूंशीही बोलतो. त्या ऐकून घेतात आणि थोरल्या नातीला हाक मारून विचारतात, आज डब्याला भाजी नेलीस का.